बिभीषणतात्यांचं बेसूर मंगलाष्टक

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बिभीषणतात्यांनी तीसेक वर्षं दलाली केली, ती निव्वळ तोंडाच्या जोरावर. शेत होतं, पण ते बटाईनं दिलेलं. दोन म्हशी होत्या, पण त्यांचं सगळं बायको बघायची. तात्यांचं भांडवल म्हणजे जीभ. दात पडलेल्या बैलाबद्दल ते गिऱ्हाइकाला सांगत, की हा गडी सावकाश खातो, वैरण वाया घालवत नाही. आटलेली म्हैस त्यांच्या भाषेत विश्रांतीला असायची. अशा बोलण्यानं गिऱ्हाईक जवळ आलं की तात्या खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकत आणि खरा भाव त्या उपरण्याखाली, बोटं दाबून, मुकाट्यानं ठरे. भोवती उभ्या असलेल्यांना फक्त दोन माणसांचे चेहरे दिसत.

तात्यांना आणखी एक व्यसन होतं आणि त्याचा त्रास जनावरांना नाही, माणसांना व्हायचा. लग्नात भटजींच्या मंगलाष्टका आटपल्या की गावातल्या मानाच्या माणसांनी माईक धरून आपापल्या म्हणायच्या, अशी आपल्याकडची रीत. तात्यांनी स्वतः सहा कडवी रचली होती. "मामा या नवरीस घेउन चला, ताटे पुढे वाढली" ही त्यांची सगळ्यात लाडकी ओळ. सूर नावाची वस्तू त्यांच्या घराण्यात कधी आलेली नव्हती, पण आवाज बाजारात कमावलेला. वैशाखाच्या उन्हात हातात अक्षता घेऊन उभी असलेली माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत आणि तात्या शेवटचं अक्षर दम संपेपर्यंत ओढत. त्यांचा बाजारातला जोडीदार आसाराम म्हणे, की तात्यानं माईक घेतला की नवरानवरीला संसारातल्या पहिल्या संकटाचा अनुभव येतो. एका लग्नात तर तात्यांनी आठ दिवसांपूर्वीच्या जोडप्याची नावं घालून कडवं म्हटलं आणि वरपक्ष उठायच्या बेतात होता. हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत. स्वतःची फजिती दुसऱ्यानं सांगायच्या आत आपण सांगून टाकावी, हे दलालीतलंच शहाणपण.

अशा माणसाची वाचा गेली. आखाडातल्या एका सकाळी चहा पिताना कप हातातून निसटला, तो उचलायला उजवा हात गेलाच नाही, आणि बायकोला हाक मारायला तोंड उघडलं तर आतून काहीच आलं नाही. नगरच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला. हातपाय व्यायामानं बरेचसे सुधारतील, असं डॉक्टर म्हणाले. बोलण्याचं मात्र सांगता येत नव्हतं. तात्यांना सगळं कळत होतं. डोक्यात वाक्यं पहिल्यासारखी तयार व्हायची, अगदी चवीची, पण तोंडापर्यंत येईतो त्यांची माती व्हायची.

एक शब्द तेवढा वाचला होता. कुत्र्याला हाकलताना म्हणतात ना, हाड, तो. तात्यांनी पाणी मागितलं तरी हाड, गोळी घेतो म्हटलं तरी हाड. माजी सरपंच शहाळं घेऊन भेटायला आले, त्यांना 'या, बसा' म्हणायला गेले तर म्हणाले, "हाड." सरपंच दारातच थबकले. तात्या मनात म्हणाले, वा रे बिभीषणा, जन्मभर लोकांच्या शेपट्या पिरगाळल्यास आणि देवानं तुझ्या वाट्याला शब्द ठेवला तो असा. गावात दोनचार दिवस हसाहशी झाली. सरपंचांना तोंडावर हाड म्हणणारा गावात एकच निघाला, म्हणून काहींनी कौतुकही केलं.

पण सरपंच एकदा येऊन गेले. सत्यशीला चोवीस तास समोर होती. तात्यांची बायको, कमी बोलणारी, कामाला वाघ. तिनं भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, आणि दर वेळी तात्यांच्या तोंडून तिला तो एक शब्द मिळायचा.  ती भांडं उचलायची आणि आत जायची. पंधराएक दिवस असं चाललं, मग तात्यांनीच तोंड उघडायचं बंद केलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागले. जेवण उष्टावून ठेवत. डॉक्टरांनी मन उभारी धरावं म्हणून दिलेली गोळी जिभेखाली ठेवत आणि ती वळली की गादीखाली सरकवत. दिवसभर एकच हिशोब डोक्यात फिरे, की दलालाची जीभ गेली म्हणजे बैलाचे चारी पाय गेले, आणि असा बैल आपण स्वतः कुणाच्या गळ्यात मारला असता? हसायचं म्हणून केलेला हा विचार हसण्यावर थांबत नसे. विहिरीकडं जायच्या वाटेवर किती पावलं टाकावी लागतील, इथवर तो जायचा, आणि मग तात्यांना स्वतःचीच भीती वाटायची.

शेवटी नगरजवळ केडगावला दिलेली मुलगी पूजा आली, गादी झटकताना खाली पडलेल्या गोळ्या तिला दिसल्या, आणि ती आईबापाला तशीच गाडीत घालून नगरला घेऊन गेली. तिच्या सासरच्या शेजारी एंजेला नावाची मुलगी राहायची. वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हे तिचं काम. रविवारी ती चर्चमध्ये कीबोर्डही वाजवायची. तिनं आपल्या दवाखान्यात तात्यांना तपासलं, गोळ्यांचं ऐकल्यावर आधी त्यांना दमात घेतलं आणि डॉक्टरांना फोन लावला. मग सत्यशीलाला विचारलं, की घरी काय काय बोलतात.

सत्यशीलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मॅडम, तीस वर्सं जे पोटात हुतं, तेच आता व्हटावर आलंय."

तात्यांनी भिंतीकडं वळायला मान हलवली, पण त्या खोलीत ते भिंतीपासून लांब बसलेले होते. एंजेलानं तिला समजावलं, की राग आला, ठेच लागली की न ठरवता जे शब्द सुटतात ते मेंदूत वेगळ्याच जागी असतात, म्हणून तेवढे उरतात. माणसाच्या मनाशी त्याचा संबंध नसतो. सत्यशीलानं मान डोलावली. शिकलेल्या माणसाचं मन मोडू नये म्हणून डोलावतात, तशी. तात्यांनी ते ओळखलं. गिऱ्हाईक पटलंय का नुसतं हो म्हणतंय, एवढं त्यांना नक्की कळे. आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला बरं व्हायचं ते बाजारासाठी नाही. ती शिवी आपल्या मनातली आहे, हे बाईच्या डोक्यातून काढायचंय, आणि ते काढायला आपल्याकडं हाडशिवाय दुसरा शब्द नाही.

एंजेला म्हणाली, की बोलायची वाट खचलीय, पण गाण्याची वाट मेंदूत दुसऱ्या बाजूनं येते. बोलणं त्या वाटेनं आणून बघू. गोळी चालूच राहणार, गाणं गोळीच्या जोडीला. तात्या काय गातात, असं तिनं विचारलं. मायलेकींनी एकमेकींकडं पाहिलं. पूजा दबकत म्हणाली, गात नाहीत, लग्नात मंगलाष्टका म्हणतात. एंजेलानं मैत्रिणींच्या लग्नात ऐकलेल्या होत्या, तेवढ्या आठवणीवर तिनं चाल गुणगुणायला घेतली. आवाज गोड होता, पण चढायचं तिथं ती उतरली आणि शेवटचं अक्षर तर चिमटीत तोडून टाकलं. तिनं एकदा केलं, दोनदा केलं. ज्या माणसानं आयुष्यात एक स्वर जागेवर लावला नव्हता, त्याला दुसऱ्याची चूक सोसेना. तात्यांनी तोंड उघडलं आणि खोली दणाणली.

"मामा या नवरीस घेउन चला, ताटे पुढे वाढली!"

अख्खी ओळ, शब्द न् शब्द, शेवटचं अक्षर दम संपेपर्यंत. तात्यांनी मागं वळून पाहिलं, कोण गायलं म्हणून. पूजा रडायला लागली. बाहेर बाकावर बसलेला एक पेशंट दारातून डोकावला आणि आत लग्न नाही हे बघून परत गेला.

पुढचं मात्र इतकं सोपं नव्हतं. पाठ झालेली ओळ येणं वेगळं आणि पाणी मागणं वेगळं. त्यासाठी नवा शब्द त्याच चालीत, सावकाश म्हणायचा आणि दर अक्षराला डाव्या हातावर बोटानं ठोका द्यायचा, अशी एंजेलाची पद्धत. तिनं तात्यांचा डावा हात हातात घेतला. परक्या पोरीनं हात धरलेला पाहून तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि सवयीनं त्यांनी दुबळ्या उजव्या हातानं कसंबसं खांद्यावरचं उपरणं ओढून दोघांच्या हातांवर टाकलं. एंजेलाला वाटलं, जुनी माणसं, लाजतात. तिनं चालू ठेवलं. पाऽऽणी. दोन ठोके. तात्या चमकले. उपरण्याखाली बोट दाबलं की तो भाव, हे तीस वर्षांचं वळण. दोन? कशाचे? जास्त वाटले म्हणून त्यांनी तिच्या तळव्यावर एकच बोट दाबलं. तिनं पुन्हा दोन ठोके दिले. तात्यांनी पुन्हा एक दाबलं, जरा जोरात, आणि चेहरा बाजारात ठेवतात तसा कोरा ठेवला. ठोक्याला साथ देतायत, असं म्हणत एंजेला खूश झाली. पूजा दलालाची पोर, तिला उमगलं.

"मॅडम, ह्यो सौदा चाललाय," ती म्हणाली. "तात्या पाण्याचा भाव पाडत्यात."

एंजेला हसली ते समजण्यासारखं होतं. पण सत्यशीलाही पदर तोंडाला लावून हसली. आजारपण सुरू झाल्यापासून तिचं हसणं तात्यांनी पाहिलं नव्हतं. खरं तर त्याआधी कधी पाहिलं होतं, तेही आठवेना. आपल्या मूर्खपणाची एवढी चांगली किंमत आजवर कुणी दिली नव्हती, असं त्यांना वाटलं.

घरी रोज सकाळी हा अभ्यास करायचा आणि ठोके सत्यशीलानं द्यायचे, असं ठरलं. तीस वर्षांच्या संसारात दोघांनी दिवसाउजेडी एकमेकांचा हात धरलेला नव्हता. म्हणून उपरणं हवंच. ती शेजारी बसायची, तोंड दाराकडं, हात उपरण्याखाली, आणि लग्नातल्या चालीत घरात चहा, पाणी, नको, बस असे शब्द घुमायचे. त्या चालीत चहा मागायला इतका वेळ लागायचा, की मागून होईतो तो गार व्हायचा. पण तात्या जेवायला लागले. गोळी गिळायला लागले. अंगणापर्यंत, मग फाटकापर्यंत चालत जाऊ लागले. सकाळी डोळा उघडला की भिंतीच्या आधी आजच्या शब्दाची आठवण व्हायची.

त्यात लागला पितरांचा पंधरवडा. या दिवसांत लग्नाचं नाव काढत नाहीत, आणि तात्यांच्या घरातून रोज पहाट फुटली की मंगलाष्टका. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बायडाबाई आल्या आणि उंबऱ्यातूनच विचारलं, की असल्या दिवसांत कुणाचं लगीन लावताय. सत्यशीलानं औषध आहे म्हणून सांगितलं. बायडाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि दुपारपर्यंत आपल्या सोयीनं गावाला सांगितलं. वरच्या आळीत तात्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. खालच्या आळीत तात्या दुसरं लग्न करणार होते. आसाराम खात्री करायला आला, त्याला तात्यांनी ठोक्यावर "बऽऽस" म्हणून बसवलं आणि "चऽऽहा" म्हणून चहा दिला. आसाराम आधी पोट धरून हसला आणि मग त्यानं टोपी काढून डोळे पुसले. पहिल्यापेक्षा सूर बरा लागतोय, एवढंच तो जाताना म्हणाला.

हे सगळं चालीत. घाईत, भीतीत, चालीशिवाय तोंड उघडलं की जुनाच शब्द हजर. एका सकाळी सत्यशीला शेणाची पाटी घेऊन अंगणातून जात असताना तात्यांसमोरच घसरली. कोपर फरशीवर आपटलं. लागलं का गं, असं विचारायला तात्या खाटेवरून अर्धे उठले, आणि तोंडातून निघालं, "हाड!"

ती उठली. हात धुतला, कोपरावरचं रक्त पदरानं टिपलं, पाटी परत भरली आणि गेली. तात्यांकडं तिनं पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी ठोके द्यायला बसली ती काम म्हणून, हजेरी लावल्यासारखी. आणि तात्यांना वाटलं, की या बाईशी आपण चहा आणि पाण्याचा सौदा करत बसलोय, आणि जे बोलायचं ते राहिलंच.

त्या दिवसापासून ते दुपारी गोठ्यात जाऊन बसू लागले. डोक्यात त्यांनी एक ओळ रचली होती. मात्रा चोख, चाल चोख: "तोंडी आलि शिवी मनात नव्हती, गे सत्यशीला खरे." अशा हालतीतही आपली रचना आपल्याला आवडली, याचं त्यांना हसू आलं, यम दारात आला तरी हा माणूस माईक शोधेल. नाव घालायचं मात्र त्यांनी विचार करून ठरवलं होतं. बायकोचं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतलं, त्यानंतर ती नुसती 'अगं' झाली आणि लोकांत 'पूजीची आई'. आता डाव्या हातानं म्हशीच्या पाठीवर ठोके देत ते ओळीला लागले. पहिला शब्दच निघेना. तों तों तों. म्हशीनं कान हलवले. दुसऱ्या दिवशी मधला एक शब्द निघाला, तिसऱ्या दिवशी तोही गेला. रडायला यायचं, मग स्वतःचं ते रडणं ऐकून हसायला यायचं, कारण रडणंही बेसूरच होतं. संध्याकाळी म्हशीनं पान्हा चोरला. आठवडाभर दूध कमी येतंय, काय बिघडलंय कळत नाही, असं सत्यशीला फोनवर पूजाला सांगत होती आणि तात्या खाटेवर निमूट पडले होते.

मग एक दिवस ती धारेच्या वेळेआधीच गोठ्यात आली. दारात चरवी घेऊन उभी राहिली. तात्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तोंड वासून उभे, आणि म्हैस वैतागलेली.

"असं करताय व्हय," ती म्हणाली. "तरी म्हनलं ही का आखडती."

तात्यांनी तिला बसायची खूण केली. ती म्हशीजवळच्या दगडावर बसली. तात्या समोर, उलट्या पाटीवर. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि डावा हात पुढं केला. अभ्यास सकाळीच झालाय, असं ती म्हणाली, पण तिनं हात दिला. तात्यांनी उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं आणि डोळे मिटले.

मात्रांची चोख ओळ कुठं गेली कुणास ठाऊक. तोंडापर्यंत आली ती तिची फुटकळ चिल्लर. "मऽऽ," तात्या म्हणाले. तिनं ठोका दिला. "नाऽऽत." ठोका. "नव्हऽऽ..." इथं दम तुटला, घाम फुटला, पुन्हा पहिल्यापासून. "मनाऽऽत नव्हऽऽतं." आणि ती पुढं काही विचारायच्या आत, चढायचं तिथं न चढता, उतरायचं तिथं न उतरता, "सऽऽत्यशीऽऽला."

उपरण्याखालचा हात थांबला.  मग हळूच तिनं विचारलं, "काय न्हवतं मनात?"

हे सांगायला तात्यांना शब्द शोधावा लागला नाही. तेवढा एकच तर त्यांच्याकडं तयार असायचा, आणि इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच त्यांनी ठरवून उच्चारला. "हाड," ते म्हणाले, आणि जोरजोरात मान हलवली. मग डावा हात तिच्या हाताखाली घट्ट दाबून चाल धरली. "मनाऽऽत नव्हऽऽतं."

सत्यशीलाचे डोळे भरून आले होते. ते तिनं पुसले नाहीत, कारण एक हात उपरण्याखाली होता आणि दुसऱ्या हातात चरवी होती. तिनं चरवी खाली ठेवली आणि तात्यांच्या हातावर नव्यानं पहिला ठोका दिला.

"लई बेसूर हाय," ती म्हणाली. "परत म्हना."